चव घेणारी मुलगी

प्रिय लुदका,

गुड फ्रायडेला तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दाम उचलला नाही. हात खिम्यात आहेत असं बाबांना सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं, पण हात धुवायला कितीसा वेळ लागतो? ईस्टरला तू घरी येणार नाहीस हे मला फोन वाजण्याआधीच ठाऊक होतं. सात ईस्टर झाले, ठाऊकच असतं. एरवी तिकडे नॉर्वेत, बर्गेनला, तुला आमची आठवण आली की तू फोनवर सांगतेस, "पोला, पांढऱ्या सॉसेजचं पाणी उकळू देऊ नकोस हं, आतडं फुटतं." अगं, एकवीस वर्षं मी त्या पाण्यापाशी उभी आहे. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर त्या तूच.

बाबांची खबर सांगते, फोनवर ते सांगणार नाहीत. जानेवारीतल्या तापानंतर त्यांचं नाक गेलं आणि नाकामागोमाग जीभही. कबूल करत नाहीत. परवा आंबवलेल्या राय धान्याच्या सुपात मी मीठ घालायला विसरले, तर दोन वाट्या पिऊन म्हणाले, "आज जमलंय." फेब्रुवारीत त्यांनी हट्टाने ज्युनिपरच्या लाकडाच्या धुरातल्या सॉसेजचा मसाला स्वतः घातला. मीठ दुप्पट पडलं. चर्चच्या दारात ओतिल्या काकू सगळ्यांसमोर बाबांचं नाव घेऊन म्हणाल्या, "हिएरोनिमच्या सॉसेजबरोबर आता पाण्याची बादलीही देत जा गं!" लोक खो खो हसले. मी म्हटलं, चूक माझी, मीच दोनदा मीठ घातलं. बाबा शेजारीच उभे होते.

त्यांना वाचवायला माझी ना नाही. पण मला काय हवंय ते आज एकदा लिहून टाकते, कारण या घरात ते कुणी कधी विचारलं नाही. मला आपलं सॉसेजचं धुरीघर हवंय. अल्डरची लाकडं मी फोडते, पहाटे आग मी लावते, आतडी मी धुते, काशांकासाठी, त्या रक्ताच्या सॉसेजसाठी, रक्त घोटताना हात माझे काळे होतात. आणि ते धुरीघर बाबांनी आपल्या तोंडाने मला द्यायला हवंय, नुसतं अंगावर पडायला नकोय.

ते का देत नाहीत हे तुला माहीत आहे, तरी तुला माहीत नसलेलं थोडं सांगते. शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या टोपल्यांसाठी पांढरं सॉसेज ताजंच लागतं, म्हणून खिमा गुड फ्रायडेला मळायचा. आणि त्या शुक्रवारी मांस जिभेला लावणं पाप, म्हणून चवीला उपवास न लागणारं, चौदाच्या आतलं मूल बसवायचं. बाराव्या वर्षी तो मान माझा होता. मला सपाटून सर्दी झाली होती. ती लपवली, कारण सांगितलं असतं तर मामाच्या पोरीला बसवलं असतं. बाबांनी तळलेला गोळा पुढे केला, मी ऐटीत मान डोलावली, "छान झालाय." त्यात मरवाही नव्हता आणि मीठही नव्हतं. ईस्टरच्या सकाळी अख्ख्या गावाने बेचव सॉसेज खाल्लं. बाबा एवढंच म्हणाले, "हिची जीभ लाकडाची." पुढच्या वर्षी चमचा तुझ्या हातात गेला. तू पाच वर्षांची होतीस आणि म्हणालीस, "लसूण रडतोय." बाबांनी तुला उचलून घरभर नाचवलं. मीही हसले होते तेव्हा. मला खरंच तुझं कौतुक वाटलं होतं गं.

यंदा लेंटचे उपवास लागले तसं त्यांनी जाहीर केलं, "लुदका येईल, वासावरूनच चव सांगेल, मग धुरीघराच्या किल्लीचं ठरवू." शुक्रवारी तुझ्याशी बोलून त्यांनी फोन ठेवला आणि तळलेला गोळा समोर घेऊन बसून राहिले. चाळीस टोपल्यांची मागणी होती. आपल्या गल्लीत यंदा चौदाच्या आतलं एक मूल उरलेलं नाही, सगळ्यांची तुझ्यासारखीच परदेशात. गोळा गार झाला. मग मी तो त्यांच्यादेखत उचलून तोंडात टाकला. चौदाची झाल्यापासून पहिल्यांदा गुड फ्रायडेला मांस खाल्लं. मीठ कमी होतं, मरवा बरोबर होता. मीठ घातलं, पुन्हा मळलं, पुन्हा चाखलं.

रविवारी दुपारी लोक दारात आले. बिशपलाही नावं ठेवणाऱ्या ओतिल्या काकूंनी आणखी दोन हात सॉसेज मागितलं. म्हणाल्या, "हिएरोनिम, तुझे जुने दिवस परत आले की रे! कुणी चाखलं?" मी ओट्यापाशीच होते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते मला पाठ आहे, तरीही वाटलं, आज माझं नाव घेतील. बाबा म्हणाले, "आमच्या लुदकाने. फोनवर सांगितलं तिने, मीठ वाढवा म्हणून." लोक गेल्यावर मला म्हणाले, "शुक्रवारी मांस खाल्लंस, कन्फेशनला जाऊन ये." मी गेले. फादरनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, नाही. होईल तेव्हा ये म्हणाले.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. काल बाबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांना हल्ली जवळचं दिसत नाही. म्हणाले, "लुदकाला एवढंच लिही." ते शब्दन्‌शब्द असं : "लुदका, धुरीघर तुझ्या नावावर केलं आहे. सवडीने ये. तोवर पोला सांभाळेल." लिहिलं. ते मला वाचून दाखवायला सांगतील, तेव्हा मी तेवढंच वाचेन. बाकीचं माझं आहे. आणि पोला सांभाळणार नाही. सोमवारपासून मी आग लावणार नाही. हे बाबांना मी सांगितलेलं नाही. तूच सांग, तुझं ते ऐकतात.

अजून तरी तुझीच,
पोला