खिडकीजवळचं टेबल

६ एप्रिल १९३३, गुरुवार

तक्रार इथेच नोंदवतो, कारण मी जिल्हाधिकारी, आणि जिल्हाधिकाऱ्याने केलेली तक्रार ऐकून घेणारा या जिल्ह्यात कोणी नाही. क्लुसमानने त्याच्या खाणावळीतलं आमचं खिडकीजवळचं टेबल उचलून शेगडीमागे नेलं. अठरा वर्षं दर गुरुवारी आम्ही तिघं तिथे पत्ते कुटतो — मी, औषधवाला ब्राकहागे आणि जिल्ह्याचा गुरांचा डॉक्टर हेर्त्सफेल्ड. शेगडीमागे बिअर कोमट होते. शिवाय तिथल्या आरशात ब्राकहागेला माझे पत्ते दिसतात.

"खिडकीतून वारा येतो, साहेब," क्लुसमान म्हणाला.

"अठरा वर्षं आला नाही तो?"

तो पेले पुसत राहिला.

"वारा माझ्यामुळे येतो रे," हेर्त्सफेल्ड म्हणाला.

तो ज्यू आहे. गावाला हे गेल्या महिन्यात कळलं.

७ एप्रिल

क्लुसमानला शिपायाहाती निरोप धाडला — टेबल मूळ जागी. एवढी तातडी मी पुरातही दाखवली नव्हती, असं बायकोचं मत.

१३ एप्रिल

टेबल खिडकीशी. ब्राकहागे आला नाही. सर्दी झालीय म्हणे. औषधवाल्याला.

तिघांखेरीज हा डाव होत नाही. तरी तीन वाटण्या केल्या. तिसऱ्याचे पत्ते आळीपाळीने खेळलो. लाळ्या-खुरकुताच्या साथीत ज्यांच्या गोठ्यात हेर्त्सफेल्ड आठवडेच्या आठवडे राबला, ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेने मान खाली घालून गेले. आमच्या मानेला काही झालेलं नाही.

१८ एप्रिल

सत्तेवर आलेल्या पक्षाचा इथला नवा पुढारी फोरलांड कचेरीत आला. कालपर्यंत विमा विकायचा. न विचारता बसला.

"लोक बोलतात, साहेब. डॉक्टरला सरकारने घरी बसवलं, आणि तुम्ही त्याच्यासोबत खिडकीत. मला वर कळवावं लागेल."

"कळवा. मी दर वेळी हरतो, तेही लिहा."

कायदा शिकण्याआधी मी ग्योटिंगन विद्यापीठात संस्कृत शिकलो. स्थितप्रज्ञाची लक्षणं तोंडपाठ होती. याला बघून एकही आठवेना.

२० एप्रिल

चान्सेलरचा वाढदिवस, गावभर झेंडे. आम्ही खिडकीत. बाहेरून कोणीतरी काचेवर थुंकलं.

"तुझी पाळी," हेर्त्सफेल्ड म्हणाला.

मी पत्ते पालथे ठेवले, बाहेर गेलो, सगळ्यांदेखत रुमालाने काच पुसली. मग परत येऊन तो डावही हरलो.

२६ एप्रिल

हेर्त्सफेल्ड कचेरीच्या मागच्या दाराने आला. पहिल्यांदाच.

"उद्यापासून मी येत नाही. माझ्यापायी तुझी नोकरी नको जायला."

मी मेजावर हात आपटला. "येशील! मी सांगतोय."

"मी सरकारी नोकर होतो तोवर तू सांगायचास आणि मी ऐकायचो." हसला आणि गेला, मागच्याच दाराने.

मी उद्या बसणार. त्याच टेबलाशी.

२७ एप्रिल

बसलो. एकटाच.

नोकरी जाण्याची भीती नाही. काल तो "येत नाही" म्हणाला, तेव्हा हात आपटण्याआधी क्षणभर मला हायसं वाटलं. भीती वाटते ती त्या क्षणाची.