अर्ध्या मिशीची साक्ष

३ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

माझ्या पहिल्याच फौजदारी खटल्यासाठी तुम्हाला कामाला जुंपते आहे. अशील आचारी आहे. सराफाचं दुकान फोडल्याच्या आरोपावरून कोठडीत आहे, आणि त्याची लहान मुलगी शेजाऱ्यांकडे. चोरीच्या वेळी तो न्हाव्याच्या खुर्चीत होता. अर्धी मिशी उतरली आणि वीज गेली; ती येईपर्यंत तो जागचा हलला नाही. तो न्हावी आता मायदेशी परतून तुमच्या शहरात राहतो. दोन देशांच्या नव्या करारामुळे त्याची साक्ष तुमच्याकडच्या कोर्टातून पडद्यावर घेता येईल, पण त्याची मराठी इथल्या भाषेत सांगणारा दुभाषा मिळत नाही; ते काम तुम्ही करा. आपलं नातं मी कोर्टाला सांगितलंय. सरकारी वकिलांची हरकत नाही. साक्ष हुकली तर आचारी तुरुंगात गेलाच म्हणून समजा. मामींना नमस्कार. माया आहेच, ती कामाला लावा.

तुमची भाची

१२ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

येतो. पण बाई, तिकडची भाषा मला येते ती फक्त सरकारी कागदांतली. परदेशी कोर्टांना विनंतीपत्रं धाडण्यात माझी हयात गेली. एक साक्ष मागवायची तर कागद मंत्रालयात, तिथून वकिलातीत, तिथून तिकडच्या कोर्टात. उत्तर येईपर्यंत साक्षीदार देवाघरी! आता पडदा लावला की झालं. मी किती बिनकामाचा होतो, हे सरकारने निवृत्तीनंतर दाखवून दिलं, हे उपकारच. मामी म्हणते, चेष्टा पुरे, एका माणसाचा जन्म पणाला लागलाय. कोट इस्त्रीला दिलाय. लोभ ठेव, अपेक्षा ठेवू नकोस.

तुझा मामा

२ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.

आचारी सुटला! आता तुमची खबर घेते. न्हावी सरळ म्हणाला की अर्धी मिशी काढली आणि वीज गेली. तुम्ही त्याचं केलंत, ‘सदर इसमाच्या ओष्ठावरील केसांचे अंशतः निर्मूलन झाले असता’! न्यायाधीशांनी दोनदा विचारलं की निर्मूलन नेमकं कशाचं. मग तुम्ही उठून स्वतःची अर्धी मिशी हाताने झाकलीत आणि ओरडलात की साहेब, असं तोंड घेऊन चोरीला कोण जाईल! दुभाष्याने पदरचं बोलू नये अशी समज मिळाली, वाक्य नोंदीतून काढलं, ते योग्यच. न्हाव्याला पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र तुम्ही माणसासारखं बोललात.

काल मी आचाऱ्याबरोबर शेजाऱ्यांकडे गेले. मुलीने दार उघडलं आणि त्याला बघून आत पळाली. आम्ही चरकलो. ती त्याच्या घरात घालायच्या चपला घेऊन आली. इतके दिवस तिने त्या जपून ठेवल्या होत्या. राग मानू नका, माया करा.

तुमची भाची

९ एप्रिल

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

पत्र आधी मामीने वाचलं. आता घरात मला ‘सदर इसम’ म्हणतात. जेवायला बोलावतानाही तेच.

चपलांचं वाचून मात्र मला रडू आलं, खोटं कशाला बोलू! आमच्या टेबलावरून ढीगभर कागद गेले. कुणाचं पुढे काय झालं, ते कधीच कळायचं नाही. सगळ्या नोकरीत मिळून, माणूस घरी पोचल्याचं हे पहिलंच पत्र. लोभ असू दे. आणि दुभाषा लागला तर मलाच बोलाव.

तुझा मामा