घट्ट बसलेली पट्टी

तीर्थरूप बाबांस,
सात अंगांनी नमस्कार. आठवं सुजून उशीवर पडलंय.

दादाने सांगितलंच असेल, शिवणाच्या कारखान्यात जिन्यावर माझा पाय मुरगळला. हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी पाहिलंय. बर्फ लावते, पाय उंच ठेवते. आईला सांगा, तेल चोळलेलं नाही आणि चोळणारही नाही.

एक फजिती मात्र झाली. विकतची पट्टी ढगळ वाटली, म्हणून घोट्याचं माप घेऊन मी हुकांसकट स्वतःच शिवली. अशी चापून बसली, की तुमच्यासारख्या टेलरनेही नावं ठेवली नसती. पण सूज अजून वाढेल हे माप घेताना डोक्यातच आलं नाही. बोटं निळी पडायला लागली तेव्हा मुकाट्याने उसवली.

एवढ्यावरून ‘एकटीला जमत नाही’ असं ठरवू नका. मशीन डाव्या पायाने चालवते आहे. टाका सरळच येतोय. रविवारी मला न्यायला येताय म्हणे? मी येणार नाही.

तुम्ही मात्र या. तुमचा गुडघा कसा आहे, ते दादा धड सांगत नाही. माझ्या खोलीचा जिना सावकाश चढा. वर आलात की माप घेते आणि तुम्हालाही पट्टी शिवून देते. या वेळी सैल.

तुमच्यावरच गेलेली,
धाकटी