दोराचं खालचं टोक

४ तारीख, सोमवार
लागलो एकदाचा कामाला! नदीच्या मुखाशी नांगरलेला तराफा, त्यावर पत्र्याची खोली, खोलीत तीन खाटा आणि एक स्टोव्ह. माझ्या वाट्याची खाट एका पायाने लंगडी निघाली. खाली विटेचा तुकडा सारल्यावर शहाण्यासारखी वागू लागली. लढाईत विमानांनी बुडवलेली प्रवासी बोट इथे तळाशी पडून आहे आणि तिच्यामुळे नदीची वाट अडली आहे. तिचे तुकडे करून वर काढायचे. पाणबुडे काका खाली उतरतात, मुकादम हुकूम सोडतात आणि मी काकांच्या कमरेचा दोर धरून बसतो. काका घोरतात असे की बोटीने घाबरून आपणहून वर यावं.

मुकादमांनी आधी एकच विचारलं, बोटीवर तुझं कोणी होतं का. नात्यातल्या माणसाला दोरावर बसवत नाहीत म्हणे. मी नाही म्हणालो. दादा इंजिनावर होता हे सांगितलं असतं तर मला आल्या पावली परत पाठवलं असतं. आणि मी तर आईला शब्द देऊन आलोय, त्याचं काहीतरी घेऊन येईन. शर्टाचं एक बटण मिळालं तरी ती रात्री दाराला कडी लावेल. निघताना दादा म्हणाला होता, कडी लावू नकोस, येतोच. तेव्हापासून आमचं दार नुसतं लोटलेलं असतं.

५ तारीख, मंगळवार
दोराची भाषा शिकलो. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे वर ओढ. काकांच्या मते संसार याच भाषेत केला असता तर निम्मी भांडणं टळली असती. आणखी एक नियम आहे: काका वर आले की दोरही लगेच वर. जरासुद्धा पाण्यात ठेवायचा नाही. का, असं विचारलं तर मुकादम म्हणाले, कुजतो. डांबर पाजलेला दोर इतक्यात कसला कुजतोय!

८ तारीख, शुक्रवार
आज खिडकीची चौकट, एक किटली आणि बाईची एक चप्पल वर आली. काका इंजिनखोलीच्या दारापर्यंत पोचले. गंजून घट्ट बसलंय, पहारीलाही दाद देत नाही. आतली माणसं आतच असणार, असं ते जेवताना सहज बोलून गेले. मी डोळे पुसले. ठसका लागल्याचं सोंग केलं.

११ तारीख, सोमवार
घोटाळा झाला. काकांचा पितळी टोप उतरवताना पेच अडकला आणि त्या गडबडीत त्यांच्या कमरेचा सोडलेला दोर पाण्यातच राहिला. ओढायला हात लावला, तर झटका बसला. एक. मग थांबून दोन. काका समोर बसून चहा पीत होते.

ही दोराची भाषा नाही, आमच्या घरातली आहे. दादा उशिरा यायचा. आई जागी होऊ नये म्हणून मी पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून झोपायचो, टोक खिडकीबाहेर. एक, थांबून दोन: दार उघड. मी एक झटका द्यायचो: उघडतो.

आजही दिला. हात आपोआप गेला. मग रडू आलं, ते दिसू नये म्हणून कितीतरी वेळ तोंड धूत बसलो.

१२ तारीख, मंगळवार
काका वर आले ते पांढरेफटक पडून. इंजिनखोलीचं दार सताड उघडं आहे. आत कोणी नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाले, "तुझं कोण होतं रे बोटीवर?"

"कोणी नाही."

"जो कोणी असेल त्याला उत्तर देऊ नकोस बाळा. त्यांच्यातला एकटा कधीच येत नाही."

१४ तारीख, गुरुवार
काका खाली असताना झटके. त्यांचे कुठले आणि बाकीचे कुठले, कळेना. तीन आले म्हणून ओढलं. काकांनी दिलेच नव्हते. टोपाच्या काचेवर चिखलाचे पंजे उमटलेत. लहान मुलांचेही.
काका पुन्हा उतरणार नाहीत.

१६ तारीख, शनिवार
सोमवारी सुरुंग लावून सगळंच उडवणार. मग आईला काय नेऊ? काय तोंड दाखवू?

१७ तारीख, रविवार
दुपार. दोघेही सुरुंग आणायला किनाऱ्यावर गेलेत. दोर सोडलाय. हातातून निसटू नये म्हणून दुसरं टोक कमरेला बांधलंय. वही मांडीवर.

आला. एक — थांबून दोन. दादाच.
मी एक दिला.

तीन. वर ओढ. ओढतोय — फार जड. एकट्या दादाचं वजन नाही हे. खुंट्याला वेढा देऊन दम खातोय.

पाण्यात हात दिसताहेत. दोराला धरून, एकाखाली एक — बायका, पोरं — यांनाही घरी जायचंय — सगळ्यांनाच —

दादा सगळ्यात वर आहे. शर्टाची बटणं सगळी जागच्या जागी. आई, बघ, आता कडी —

वेढा सरकतोय.

दोन झटके. दोन म्हणजे दोर सोड.

दोर संपला रे दादा. उरलाय तो माझ्या कम