उपाशी बरणीतला श्वास

आई, तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

शिशाने नासलेल्या मातीत कंपोस्ट मिसळून मी ती बरण्यांत बंद करते. शिसं जात नाही, पण त्याचा जाच कमी होतो आणि मातीतले जिवाणू पुन्हा श्वास घेऊ लागतात. तो श्वास मी मोजते.

परवा फजिती झाली. तुलनेसाठी कंपोस्ट न घालता उपाशी ठेवलेल्या बरणीतही भरपूर श्वास निघाला! झाकण लावण्याआधी मी तिच्यावर वाकून बोलत बसले होते, माझाच श्वास आत कोंडला गेला.

“कोणाशी गं बोलत होतीस?” प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, गाणं गुणगुणत होते.

तुला म्हणून सांगते, मी त्या बरणीला विचारत होते, “जेवलीस का?”

तुझी,
धाकटी