अम्माच्या तोंडचे शब्द

सत्या,

पुण्याच्या प्रकाशकाकडून तुझी कादंबरी परत आली. पत्र मीच फोडलं. ‘भाषा शुद्ध आहे, पण यातली आई कुणाचीही वाटते,’ असं लिहिलंय. चूक तुझी नाही. आपल्या बेंगळूरच्या मराठीला पुण्यात हसतील, म्हणून तुझ्या वहीची नक्कल करताना मी अम्माच्या बोलण्यातले ‘स्वल्प’सारखे सगळे कन्नड शब्द काढले. तुला सांगितलंही नाही.

तुला तोंड दाखवायचा धीर होईना, म्हणून लवकरच ऑफिसला निघालोय. तुझी मूळ वही अम्माच्या ट्रंकेत आहे. त्या वहीत अम्मा अजून बोलते. तीच पाठव. लिहिणं सोडू नकोस, आणि पुढची कादंबरी कुणाला सुधारू देऊ नकोस, मला तर नाहीच.

अम्मा गेल्यापासून तू धड जेवत नाहीस. दहीभात झाकून ठेवलाय. स्वल्प जेव.

शेषगिरीअण्णा