दहापैकी दहा

ता. ९ फेब्रुवारी

चि. टिकलीस,
अ. उ. आ. मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून तू आणि तुझ्या वहिनीने जो धोशा लावला होता, त्याला शरण जाऊन काल जाऊन आलो. हातांचा विभागच वेगळा आहे, तिसऱ्या मजल्यावर. भिंतींवर बाण इतके की माणूस आजार विसरून बाणच शोधत बसतो.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर वाटतात, एवढंच मी सांगितलं. डॉक्टर होऊ घातलेली सहा पोरं भोवती उभी राहिली. मी डोळे मिटायचे, त्यांनी बोटाला कधी सुईचं टोक लावायचं, कधी कापूस, आणि काय लागलं ते मी सांगायचं. दहापैकी दहा बरोबर! मनगटाला बांधायला पट्टा दिला आणि चार महिन्यांनी बोलावलंय. परत येताना तुझी वहिनी माझ्या कोटाची बटणं लावताना उगाच पुटपुटत होती.

काळजी नसावी. लोभ आहे तो राहू दे.
तुझा दादा

ता. १५ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. तुझे मार्क वाचून आमचे हे खूश झाले. मी मात्र पत्र पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवणाऱ्या माणसाची बटणं वहिनी का लावते? आणि तुझं मोत्यासारखं अक्षर असं लंगडत का चाललंय?

एक विचारते, रागावू नकोस. डोळे नीट मिटले होतेस ना? लपंडावात तुझ्यावर राज्य आलं की तू बोटांच्या फटीतून बघायचास, हे मी विसरलेली नाही.

उत्तर लगेच धाड. माझा जीव टांगणीला लागलाय.
तुझी टिकली

ता. २३ फेब्रुवारी

चि. टिकलीस,
अ. उ. आ. पकडलंस. पापण्या किलकिल्या ठेवल्या होत्या. सुईशी इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने सहा पोरांसमोर सुई कळत नाही म्हणायचं? जीभच रेटेना.

तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी विभागात गेलो आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि पुन्हा परीक्षा घेतली. एकही उत्तर बरोबर आलं नाही, तर म्हणाल्या, शाबास. जन्मात पहिल्यांदा नापास झाल्याबद्दल शाबासकी मिळाली. मग त्यांनी पोरांना माझ्या अंगठ्याखालचा सपाट झालेला भाग दाखवला आणि पेशंटच्या तोंडाबरोबर त्याचा हातही बघत जा, असं सुनावलं.

मनगटात नस आवळली गेली आहे. चार महिने थांबलो असतो तर बोटं कायमची गेली असती. नस मोकळी करणार आहेत, पण सगळं परत येईलच अशी खात्री देत नाहीत. दोन मार्चला ऑपरेशन. टिकले, मला भीती वाटते. शिवण गेली तर मी दुसरं काय करू, ते सुचत नाही.

आठवण ठेव.
दादा

ता. ८ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. ऑपरेशन नीट झाल्याचं वहिनीने कळवलं, तेव्हा कुठे घास गोड लागला.

सोबत एक पुरचुंडी पाठवते. कापड पातळ आहे पण गडद, त्यामुळे डोळे ताणून उपयोग नाही. आत काय आहे ते फक्त उजव्या हाताने चाचपून सांगायचं. उसवायची नाही. टाके तूच शिकवलेत, पुन्हा घातलेस तर ओळखेन.

हाताला जप. माया पातळ करू नकोस.
टिकली

ता. २० मार्च

चि. टिकलीस,
अ. उ. आ. हाताचे टाके काढले. तुझी पुरचुंडी उजव्या हातात तासभर धरली. काही कळलं नाही. आत काही आहे की नाही, तेही नाही. डाव्या हाताला मी विचारलेलं नाही.

इथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई वाळूत मणी लपवतात आणि मी ते शोधतो. अजून सापडत नाहीत. त्या म्हणतात, नस सावकाश चालते, तिला हाकू नका.
दादा

ता. २७ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. ‘काही कळलं नाही’ हे वाचून मी रडले आणि मग हसले. आता तू मला जे कळवशील त्यावर माझा विश्वास बसेल. घाई नाही. पुरचुंडी राहू दे.
टिकली

ता. ४ जुलै

चि. टिकलीस,
अ. उ. आ. मे महिन्यात मणी सापडू लागले. गेल्या आठवड्यात सुईत दोरा ओवला, सातव्या खेपेला, आणि आज दुकान उघडलं. गिऱ्हाईक यायच्या आधी डावा हात खिशात घातला आणि तुझी पुरचुंडी घेतली.

बटण आहे. चार भोकांचं. कड एका जागी उडालेली. बाबांच्या काळ्या कोटाचं ते, तू दातांनी फोडलेलं आणि माझ्यावर ढकललेलं. मार मी खाल्ला होता.

पुरचुंडी न उसवता परत पाठवतो. मी माझं खरं सांगून मोकळा झालोय, आता तुझी पाळी.

लोभ आहेच, त्यात घट नको.
तुझा दादा